माया

रविवार पेठेत, बोहरी आळीच्या तोंडाशी,
जिन्याखाली आमचं दुकान : पोरे युनिफॉर्म्स.
मे महिन्यात मान वर करायला उसंत नसते.
निळी, चॉकलेटी, चौकड्यांची ठाणं येऊन पडतात
आणि मी कटिंगच्या टेबलाशी
अर्ध्या पुण्याच्या पोरांच्या छात्या बेतत असतो.
सव्वीस म्हणजे चौथी. अठ्ठावीस म्हणजे सहावी.
माप सांगा, इयत्ता सांगतो.

अशाच एका मेमध्ये एक्सपोर्टवाले दातीर आले.
म्हणाले, मास्तर, ते बेट आठवतं?
नकाशावर भाताचं शीत सांडावं, एवढं ते.
आठवत होतं. गेल्या साली नमुना पास झाला होता,
पांढरा सदरा, हिरवी चड्डी, शाळांसाठी, दोन हजार.
ते रद्द, दातीर म्हणाले. पैसे तेच, खातं बदललं.
आता किनारा रक्षक दल.

हे कोण?

कालपर्यंत डोंगरात होते.
बंदरावर गोळ्या झाडायचे,
साखरेच्या जहाजाकडून वर्गणी घ्यायचे.
सरकार म्हणालं, झाडताच आहात
तर पगारावर झाडा.
बंदुका त्यांच्या, कपडे आपले.
दातीर हसले. मीही हसलो.
ॲडव्हान्स टेबलावर होता.

शिवायचे नऊशे.
बिल तीन हजारांचं.
मधले एकवीसशे सदरे,
न बेतलेले, न शिवलेले, काजं-बटणांसकट,
कुणाच्या बंगल्यात वाळत असतील
ते मी विचारलं नाही.
मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन येतात
तेव्हा आकडा तीच घालतात.
मी फक्त चष्मा काढून ठेवतो.

मापांची यादी त्यांच्या भाषेत.
वाचायला दातीरांनी एक मुलगा पाठवला, इसाको,
विद्यापीठात भूगोल शिकणारा, खडकीत तिघांत एक खोली.
चहात खारी बुडवायचा आणि वाचायचा.
तो वाचे, मी लिही.
छाती अडतीस. छाती छत्तीस. छाती चाळीस, पोट सुटलेलं.
छाती अठ्ठावीस.

चुकलास, मी म्हटलं. ही सहावी झाली.
नाही काका, अठ्ठावीसच.
पुढचा सत्तावीस.
त्याच्या पुढचा पुन्हा अठ्ठावीस.

अशी चौसष्ट नावं.
एकेचाळिसाव्यावर तो थांबला.
खारी चहात पडली. त्यानं ती काढली नाही.
धाकटा भाऊ का रे?
शेजारचा, म्हणाला.
आणि बऱ्याच वेळानं :
त्याला पोहायला मी शिकवलं.
मग बेचाळिसावं माप वाचलं,
आवाज होता तसाच.

दुसऱ्या दिवशी मी कात्री परत पाठवली नाही,
ॲडव्हान्सही नाही.
हे लिहून ठेवतो, कारण नंतर माणूस
आपल्याबद्दल बरं बरं आठवायला लागतो.

ते चौसष्ट मात्र कारागिरांना दिले नाहीत.
स्वतः बेतले, रात्री, शटर अर्धं ओढून.
काडतुसांचे चार खिसे
तेवढ्याशा छातीवर मावेनात.
दोनच लावले.
बाह्यांना, बगलेत, विजारीच्या तळाशी
चार-चार बोटं माया सोडली.
दातीर खेकसले, कापड फुकट घालवताय!
म्हटलं, हाताला सवय आहे.

पेट्या गेल्या. वर लिहिलं होतं : शालेय साहित्य.
बिलावर सही माझी, वळणदार.
तिकडे मंत्र्यांनी किती माया जमवली,
दातीरांनी किती, आणि पत्रा बदलला तेवढी मी किती,
हा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

इसाको अजून येतो कधीतरी,
चहा घेतो, खारी नको म्हणतो.
परवा एका आईनं मुलाची विजार आणली, तोकडी झालेली.
मी शिवण उसवली. आतून कोरं निळं कापड निघालं,
ऊन न लागलेलं.
इसाको बघत होता.
म्हणाला, काका, त्यातही ठेवली होती का?

ठेवली होती, म्हटलं.
फक्त उसवायला
कुणी असायला हवं.