तिसरा मजला, डावीकडे

टाचणी सापडली नाही, म्हणून कानातली रिंग काढली,
तिचं टोक मॉडेमच्या मागच्या भोकात घातलं
आणि सांगितल्याप्रमाणे दहा आकडे मोजले.
सगळे दिवे एकदम विझले.
मराठीसाठी दोन दाबून मिळालेला मुलगा म्हणाला,
"झालं मॅडम. आता त्याला काहीच आठवत नाही."

काहीच?

"काहीच. सगळं नव्याने भरायचं."

एकतीस वर्षं मी टपाल कार्यालयात पत्रं लावली.
पुसट पत्ते, अर्धे पत्ते,
'मोरे, कन्नमवार नगर, पाण्याच्या टाकीमागे' –
मोरे चौदा होते,
पत्र बरोबर त्याच मोऱ्याकडे गेलं.
तरी असला पत्ता हाताखालून गेला नव्हता:
एकशे ब्याण्णव टिंब एकशे अडुसष्ट टिंब एक टिंब एक.
गाव नाही, गल्ली नाही, पिन नाही.
मुलगा म्हणाला, हा घरातल्या घरातच चालतो,
उंबऱ्याबाहेर याला कुणी ओळखत नाही.
म्हटलं, आमच्याकडे एक माणूस आहे असा.
तो हसला नाही. त्याच्या मागे
खूप जण खूप जणांना विचारत होते,
लाल आहे की हिरवा?

दार उघडलं. नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन.
गोदरेजच्या कुंपणाला लागून आयुष्य गेलं
आणि घरात कुलूप हे असलं.

कनेक्शनचा प्रकार: पीपीपीओई.
मग एक आकडा, तो का ते विचारायचं नाही, फक्त भरायचा.
युजरनेम बिलावर होतं, ह्यांच्या नावाचं.
पासवर्ड मीटरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला,
सर्वेशच्या अक्षरात.
साताच्या पोटात आडवी रेघ मारायची सवय
त्याला कुठून लागली देव जाणे,
आमच्यात कुणी मारत नाही.

आतून हे ओरडले, "लागलं का?"
टीव्ही तीन दिवस गोल गोल फिरतोय,
त्यांना बातम्या हव्यात.
पुनर्विकासाच्या कागदावर सही केली
ती बातमी मात्र घरात कुणाला दिली नव्हती.
सर्वेशला ती सोसायटीच्या फळ्यावर कळली.
रविवार होता, सुरमई होती,
ताटात हात धुऊन तो उठला
तो ठाण्याच्याही पलीकडे जाऊन राहिला.
अकरा महिने.

"वायफायचं नाव काय ठेवू मॅडम? नवीन ठेवा,
पासवर्डही नवा, सेफ असतं."
"पावसकर ठेव," आतून हुकूम, "बिल मी भरतो."

रोमन अक्षरांत, मध्ये खाली रेघा देऊन,
एका बोटाने, मी टाइप केलं
तिसरा मजला डावीकडे.
टपालवालीच्या पोराला दुसरं काय नाव सुचणार?
त्यानेच ठेवलं होतं, बारावीत.
पासवर्डही तोच. मोठं अक्षर मोठं, लहान ते लहान,
सातावरची रेघ तेवढी उमटवता आली नाही.

मग त्या मुलाला विचारलं, सहज,
समजा एखादा जुना फोन असेल,
बरेच दिवस बाहेर गेलेला,
त्याला पुन्हा सगळं विचारावं लागेल का?
"नाव तेच, पासवर्ड तोच असेल तर नाही मॅडम.
जिन्यातच लागेल आपोआप.
कुणाला विचारायची गरज नाही."

साठवा, म्हणतो तो डबा. साठवलं.
एक दिवा लागला, दुसरा लागला,
तिसरा बराच वेळ डोळे मिचकावत राहिला
मग तोही.
आत बातम्या सुरू झाल्या.
जोडलेली उपकरणं: दोन.

"आणखी काही मदत करू शकतो?"
रेंज किती असते, विचारलं.
"भिंती किती आहेत त्यावर मॅडम."

सेवा आवडली असेल तर पाच दाबा.
पाच दाबलं.
रिंग पदराला पुसली
आणि परत कानात घातली.