दोनशे बारावी ओळ

वजनकाट्याचं सॉफ्टवेअर माझं.
वरोऱ्याच्या पुढे, जिथे रस्त्याकडेच्या बाभळीसुद्धा
जिनिंगच्या धुळीनं पांढुरक्या होतात,
तिथल्यासाठी लिहिलेलं,
नागपुरातल्या खोलीत बसून.

दोनशे बाराव्या ओळीवर
मी एक रिकामा कंस ठेवला होता.
आकडा आला नाही, तार तुटली, काही बिनसलं,
तर कंसात शिरायचं, काहीच न करता
दुसऱ्या बाजूनं बाहेर पडायचं.
लाल अक्षरं दिसली की गिऱ्हाईक घाबरतं,
असं मला शिकवलेलं,
आणि मी चांगला विद्यार्थी.

डिसेंबरात एका पहाटे
खारीनं केबल कुरतडली.
प्रोग्रामनं चूक गिळली, ढेकरही दिला नाही,
शेवटचा ठाऊक असलेला आकडा छापत राहिला:
एकतीस क्विंटल चाळीस.
पिकअप, एकतीस चाळीस.
ट्रॅक्टर, एकतीस चाळीस.
मालकाची रिकामी जीप चहाला निघाली,
तिचीही पावती निघाली, एकतीस चाळीस.
रात्रपाळीचं पोट्टं फाडून देत होतं.

आठला श्रावण दडमल आले,
एकोणतीस हंगाम काट्यावर काढलेला माणूस.
"बंडी एकतीस? बैल का लोखंडाचे हायेत?"
आणि बांबू आडवा.
मागे नाल्यापर्यंत रांग, हॉर्न, शिव्या.
ते खुर्चीवरून उठले नाहीत.

दुपारी मी पोचलो, तर त्यांनी वही पुढे केली.
चुकलेला आकडा एका रेघेनं कापलेला,
खालचं वाचता यावं इतपत.
बाजूला वेळ, कारण, सही.
*वीज गेली. थांबलो.*
*काट्यावर चिखल होता. धुतला.*
*काय झालं मालूम नाही. मालकाले सांगतलं.*
ही शेवटची नोंद मी दोनदा वाचली.
मालूम नाही, असं म्हणायला
माझ्याकडे रकानाच नव्हता.

"कवेलू फेरतेत नाही का घरावर?
खालचा फेकते, वरचा झेलते.
नाही झेलता आलं तं 'पडलं रे' म्हनून बोंबलाव लागते.
खाली कोनाचं तरी डोस्कं असते."

रात्री सरकीच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवून
मी तो कंस उघडला.
काट्याला तीनदा विचारायचं, मध्ये दोन सेकंद,
सर्दी झालेल्या माणसाला देतो तेवढी सवड.
तरी नाहीच बोलला, तर आकडा नाही,
पावती नाही, आणि खबर थेट मालकाच्या फोनवर.
स्क्रीनवर आधी 'त्रुटी १०४७' होतं. आता लिहिलं:
काटा बोलत नाही. केबल पाहा. गाडी पुढे घेऊ नका.
दडमलांनी चष्मा वर केला.
"बंडीवाल्याले वाटन, आपल्याले नाही म्हनून रायले."
मग मी 'गाडी' काढून 'कोणीच' लिहिलं,
वाक्य वाकडं झालं, तसंच ठेवलं.

बावीस पावत्यांपैकी सोळाजण
पुन्हा वजनाला आले.
सहांचा कापूस तोवर गठाणीत दाबला गेला होता.
त्यात कोणाचं किती गेलं, कोणाला किती जास्त मिळालं,
हे आता कुठलीच ओळ सांगू शकत नाही.

वहीत त्या सहांपुढे दडमलांनी
मला सही करायला लावली.
कारणाच्या जागी मी लिहिलं, *खार.*
पेन खाली ठेवलं.
मग उचललं, एक रेघ मारली.
खालचं वाचता येतं.