गडावरून मासा

चीनचे लोक कसे दिसायचे, गावात कोणालाच ठाऊक नव्हतं.
वडशाच्या कपडेवाल्याकडे मुघलांचेच झगे उरलेले,
ते आम्ही मंगोलांना घातले.
मागच्या पडद्यावर राजस्थानी महाल, त्यात एक मोर,
त्याच्यापुढे बांबूची ताटी, तिला चुना:
हा गड.
तीन नद्या मिळतात तिथल्या कड्यावरचा.
नाव कोणाच्या जिभेवर बसेना,
म्हणून नाटकात नुसता 'गड'.

धान निघालं होतं. बांधीत धसकटं.
खड्डा खणून माणसं तणसावर बसलेली
घोंगडीतून फक्त नाकं बाहेर ठेवून.

शाळेच्या कपाटात एक इतिहासाचं पुस्तक होतं, पाठ गेलेलं.
त्यात या वेढ्याच्या चारच ओळी:
खान आला. महिने गेले.
आतल्यांनी तटावरून मासे आणि भाकरी खाली फेकल्या
आणि कळवलं, बसा अजून दहा वर्षं.
मला आठवडाभर झोप नाही.
जेवण फेकून कोणी लढतं?

खान झाला मोतीराम कुमरे.
घोडा नव्हता, करवंट्या होत्या.
मिशी डिंकाची, 'शरण या' म्हणताना सुटायची.
किल्लेदार डोमा नागपुरे,
मामा तलावात जाळं टाकणारा.
तालमीत पुठ्ठ्याचा मासा फेकायचो.
डोमा म्हणाला, "मास्तर, पुठ्ठ्याले कोण भेते?"

प्रयोगाच्या रात्री त्यानं आणले दोन रोहू,
जिवंत, ओल्या पोत्यात.
पडद्यामागे पोतं उड्या मारायचं
आणि राणीचं काम करणाऱ्या बाई
खुर्चीवर पाय वर घेऊन संवाद पाठ करायच्या.

तिसरा अंक. रात्रीचे तीन.
डोमा ताटीमागच्या टेबलावर चढला.
मी दीड पान लिहिलं होतं: मायभूमी, रक्त, सूर्य.
तो सगळं विसरला.
खाली पाहिलं. म्हणाला,
"खा. आमच्याकडे हाये."
आणि मासा सोडला.

फळीवर धप्प.
मग दिव्याच्या उजेडात ती फडफड.
हार्मोनियमवाला थांबला.
खानानं इथं गडगडाटी हसायचं होतं.
मोतीराम वाकला,
दोन्ही हात माशाखाली घातले
आणि विंगेकडे बघून हळूच म्हणाला, "पानी आना बे."

खान पुढे मेलाच.
पुस्तक म्हणतं दगड लागला, तळटीप म्हणते हगवण.
मी दगड ठेवला.
फौज करवंट्या वाजवत परत गेली, लोकांनी टाळ्या दिल्या,
गड उभा राहिला. पडदा.

पहाटे रंगपटामागे तीन दगडांची चूल.
खान आणि किल्लेदार एकाच गंजातून रस्सा ओढत होते,
अर्धी मिशी अजून ओठावर.
"तलावात मासा मस्त आहे म्हणायचा यंदा," मी म्हणालो.
डोमानं काटा काढून बाजूला ठेवला.
"आठ दिवसांत हेच दोन लागले, मास्तर."

मी त्या चार ओळींकडे पुन्हा गेलो मनात.
तिथंही दोनच असतील का?
तटाच्या आत कोणी पोर
फेकलेल्या माशाकडे बघत उभं असेल का,
आणि कोणी त्याचं तोंड हातानं दाबलं असेल?

भागरता मारबते अंगावरचं तणीस झटकत आली.
"मंग गडाचं का झालं जी?"
खरं सांगितलं.
आणखी वीस वर्षं टिकला. मग राजाच उरला नाही,
लहान पोरगा होता, समुद्रात गेला.
किल्लेदारानं अट घातली,
माझ्या माणसांना हात लावायचा नाही,
आणि दार उघडलं.
"लावला?"
नाही लावला.

ती थोडा वेळ स्टेजकडे बघत राहिली.
उजाडत होतं, चुना पिवळा दिसत होता, मोर फिका.
"मंग उघडते कुठून?" ती म्हणाली.
"ताटीले दार ठेवलंच नाई तुमी."

मी वळून पाहिलं.
खरंच. या टोकापासून त्या टोकापर्यंत
नुसता बांबू.