रिकाम्या क्रेटचं वजन

सर्जेकोटच्या जेटीवर लिलावाच्या शेडमध्ये
मी काट्यावर असतो.
तोल बघतो, आकडा ओरडतो, वहीत टिपतो.
त्यामुळे जबाबासाठी पहिलं माझंच नाव निघालं.

हवालदारानं विचारलं, वेळ?
पावणेसहा. विजयदुर्गाकडच्या होड्या लागत होत्या.
हत्यार?
बर्फ फोडायचा सोटा, खैराचा.
दुखापत?
जबडा. दात दोन, एक मी स्वतः उचलून
रुमालात बांधून दिला.
आधी हात कुणी उचलला?
हरचंद्रानं.

खरं तेच सांगितलं.
सगुण काय बोलला, त्याला रकाना नव्हता.

सगुण पराडकर क्रेटमधली सुरमई शेपटीला धरून
उंच उचलून म्हणाला होता,
'औंदा सुरमय इतकी कित्याक रे फुगली?'
आणि स्वतःच,
'पुनाजीक खाल्ल्यान ना!'

पुनाजी म्हणजे हरचंद्राचा धाकटा.
भाद्रपदात गेला, मिळाला नाही.
अकराव्या दिवशी दर्भाचा पुतळा करून जाळला
तेव्हा तो इतका हलका होता
की खांदा द्यायला एकटा हरचंद्र पुरला असता.

आता हेही सांगायला हवं,
हवालदारानं विचारलं नाही तरी:
चार दिवस समुद्र धुंडाळणाऱ्या होडीत
सगुण होता. उलट्या करत होता, उतरत नव्हता.
आणि तो जे बोलला
ते दोन महिने आमच्या प्रत्येकाच्या ताटात होतं.
तुकडा उचलताना बोटं क्षणभर थांबायची.
माझी बायको तर सुरमई करायचीच बंद झाली,
म्हणाली, महाग झालीय.
काट्यावरच्या माणसाच्या बायकोनं हे म्हणावं!

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर
लिलाव लागला.
एक मुस्काटीत ठीक होती, एकजण म्हणाला.
दोन, दुसरा म्हणाला, भावावरून बोलला तो.
हात चालेल, सोटा नाही.
सोटाही चालेल, पण पाठीवर.
तोंडानं बोलला तर तोंडावरच.
बोली चढत गेली.
शाळेतले गवंडे मास्तर तेवढे म्हणाले,
शब्दाला शब्दच. बाकी सगळं जनावराचं.
त्यांना कुणी उलट बोललं नाही,
चहाचे पैसेही कुणी देऊ दिले नाहीत.

मास्तरांचं बरोबर आहे.
मी सही करून देतो, मारणं चूक.
तो जबडा तारेनं बांधलेला मी पाहिलाय,
नळीनं पेज ओढताना सगुणच्या डोळ्यांतून
पाणी येतं, पेज गरम असते म्हणून
किंवा नसते म्हणून.
कुठल्याही विनोदाची किंमत एवढी नसते.

पण मला एक गोष्ट झोपू देत नाही.
सगुण बोलला तेव्हा हरचंद्र
बर्फावर वाकलेला होता.
तो वाकलेलाच राहिला.
सोटा एकदा बर्फावर पडला, दोनदा पडला.
नीट, रोजच्यासारखा.
मग आम्ही हसलो.
सगळे नाही. सात-आठजण.
मी तोंडानं नाही हसलो,
नाकातून एक फुसकारा निघाला, बस,
शिंक दाबावी तसा.
त्यानंतर तो उठला.

वाटेत आम्ही उभे होतो,
सगुण सगळ्यांत लांब होता.
आम्हाला ओलांडून तो त्याच्याकडे गेला.

जामिनावर सुटून काल हरचंद्र आला.
क्रेट काट्यावर ठेवलं. बांगडा होता.
शेडमध्ये एकदम सगळ्यांना कामं निघाली.
तो माझ्याकडे बघत होता, आकड्याकडे नाही.
'तू सुदा हसललंस,' म्हणाला.
विचारलं नाही. सांगितलं,
जसं कुणी वारा पडलाय म्हणून सांगतं.

मी रिकाम्या क्रेटचं वजन वजा केलं
आणि उरलेला आकडा
नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं
वाचून दाखवला.