भाचे

घरफाळ्याच्या ऑफिसात मी अकरा वर्षं टेप धरतो.
टेपचं दुसरं टोक मालकानं धरायचं असतं,
आणि बहुतेक जण ते भिंतीपासून
चार बोटं अलीकडं धरतात.
मी बघत नाही.

राजारामपुरीतल्या एका गल्लीत, नंबर सांगत नाही,
ज्ञानू घोटण्यांचं घर. तीनशे ऐंशी चौरस फूट.
उद्यमनगरात लेथवर पस्तीस वर्षं उभं राहून
एकदाच बांधलं, पुन्हा खिळासुद्धा ठोकला नाही.
समोर मोबाइलचं शोरूम आलं, शेजारी दातांचा दवाखाना,
आणि घोटण्यांची भिंत झोपेत महाग झाली.
"मी काय केलं गा?" ते विचारतात,
जसा मी त्यांचा ताप मोजलाय.
मी म्हणतो, काका, किंमत वाढली तुमची.
"माझी? का जाग्याची?
माझी पेन्शन अकराशे चाळीस हाय,
तिच्याकडं कुणी टेप घेऊन येत न्हाई."

नदीकडं उतरलं की आकडेही उतरतात.
शुक्रवार पेठेच्या खालच्या अंगाला
भिंतींवर पुराच्या दोन रेघा आहेत, दोन सालांच्या,
रंग मारला तरी पोपडे धरून वर येणाऱ्या.
विजेचं मीटर डोक्याच्या वर, फ्रिज मचाणावर.
तिथं भाडं परवडतं.
सीपीआरमध्ये रात्रपाळी करणारी पोरगी सांगते,
"तीन वर्षं झाली, हितंच राहतो मी.
जुलै लागला की बॅग भरून दाराला ठेवतो, बास."

आता, भाडेकरू असला की फाळा चढतो.
म्हणून दार उघडता उघडता मालक सांगतो,
हे? हे आमचे भाचे.
माडीवरची ती भाची.
जिन्याखालचे दोघं, बायकोच्या बाजूचे भाचे.
एका वॉर्डात मी एकशे बारा भाचे मोजले.
एवढ्या बहिणी कुणाला असतात?
फर्निचरला पॉलिश मारणारा बिहारचा पोरगा
"आमच्या आईचं माहेर हितलंच"
एवढं पाठ केलेलं बोलताना माहेरवर अडखळला,
मालकानं हळूच पुढचा शब्द दिला.
मी लिहिलं: स्वतःचा वापर.

मी राहतो पाचगावात.
हद्दीच्या दगडापासून सव्वाशे पावलं पलीकडं.
पगार महापालिकेचा,
पण तिच्या हद्दीत दोन खोल्या घेण्याएवढा नाही.
इकडं टँकर चौथ्या दिवशी येतो
आणि घरपट्टी चहा-वड्याच्या हिशेबात बसते.
हद्दवाढीविरुद्ध गाव बंद होतं त्या दिवशी
मी ओळखपत्र डब्याच्या पिशवीत चटणीखाली घातलं
आणि सगळ्यांबरोबर चौकात बसलो.
घोषणा माझ्याच ऑफिसविरुद्ध होत्या.
आवाज माझाही बरा निघाला.

गेल्या आठवड्यात ग्रामपंचायतीचा माणूस आला.
हातात टेप, काखेत वही.
मी सवयीनं एक टोक धरायला गेलो,
आणि धरलं चार बोटं अलीकडं.
मालकीण, हौसाबाई पोवार, पदर सावरत बाहेर आल्या.
"ह्यो? ह्यो माझा भाचा. इचलकरंजीच्या बहिणीचा."
त्यानं माझ्याकडं बघितलं,
माझ्या शर्टाच्या खिशावर
ओळखपत्राच्या क्लिपचा चुरगळा होता तिकडंही बघितलं,
आणि खाली मान घालून लिहिलं.
काय लिहिलं ते मला
पेनाच्या हालचालीवरूनच कळलं.

रात्री हौसाबाई तांबड्या रश्श्याची वाटी घेऊन आल्या.
"भाचा म्हणून सांगितलंय चारचौघांत,
आता उपाशी कसं ठेवू?"
उंबऱ्यावर जरा वेळ थांबल्या.
"पलीकडच्या प्लॉटला बिल्डर येऊन गेला म्हणं.
पहिल्या तारखेपासनं पाचशे वाढवून दे बाबा.
बहिणीचा असतास तरी घेतले असते."
रस्सा झणझणीत होता.
मी म्हणालो, व्हय मावशी,
आणि डोळे पुसले,
ते तिखटानंच.