कडक की मऊ

शंभर फुटी रस्त्यावर, टायरच्या दुकानाच्या वर,
जिना चढलं की भिंतीवर रंगवलेला निवडुंग.
आमच्या जतकडं निवडुंग बांधाबांधावर फुकट,
पण इथल्याला मिशा आहेत
आणि डोक्यावर टोपी, सुपाएवढी.

जागा मीच सुचवली होती.
घरी पोहे नकोत म्हटलं, साडी नको,
बत्तिसाव्या वर्षी ट्रे धरून वाकायला
माझी कंबर दिवसभर गाईम्हशींपुढं वाकून उरत नाही.
सुशीमावशी म्हणाली, मग मी येणार सोबत.
आली, पिशवीत शेंगदाण्याची चटणी घेऊन,
परक्या मुलखातल्या जेवणाचा काय भरवसा.

तो पुण्याहून आलेला.
शर्टाची इस्त्री अशी कडक
की आधी तो बसला, मग शर्ट बसला.

भरतेश नावाचा पोरगा वही घेऊन आला,
कपाळावर गंधाचा पिवळा ठिपका.
जैन टाको पण आहे म्हणाला,
कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही.
मग आहे काय, मावशीनं विचारलं.
श्रद्धा, तो म्हणाला, आणि मका.
मग माझ्याकडं वळून : कडक की मऊ?
मावशीला वाटलं, नवऱ्याचं विचारतोय.
मऊच बरा बाबा, ती पटकन म्हणाली,
आमच्या ह्यांनी कडक राहून काय मिळवलं.

मी कडक मागवला.

कडक टाको खायला मान कलंडावी लागते,
आईच्या पोटाखाली शिरणाऱ्या वासरासारखी,
एका बाजूनं, जरा आडदांडपणे.
ही मान मी रोज बघते, पण माझी अशी
चारचौघांत कधी कलंडली नव्हती.
पहिल्याच घासाला तो मधोमध फुटला.
राजमा मनगटावर, तिथून कोपरावर,
टोमॅटोचं लाल पाणी घड्याळाच्या पट्ट्यात.
मी हसले. एकटीच.

त्यानं मऊ घेतला होता,
काट्यानं दाबून, सुरीनं चौकोनी तुकडे करून,
ताटात एक दाणा सांडला नाही.
तोंड पुसून, अगदी सौम्यपणे, त्यानं विचारलं,
तुमच्या हातांना जनावरांचा वास येत नाही का?
येतो, मी म्हटलं. लिंबू चोळते.
आणि समोरची फोड उचलून
तिथंच, त्याच्यासमोर, चोळली.

मावशीचं लक्ष नव्हतं.
तिला वाटीत हिरवं लोणी सापडलं होतं.
हे कुठल्या म्हशीचं, म्हणून तिनं भरतेशला गाठलं.
तो आतून अख्खं फळ घेऊन आला,
कापून दाखवलं, बी काढली,
लाकडी लट्टूएवढी, ओलसर.
मावशीनं ती टिश्यूत गुंडाळून
चटणीच्या डब्याशेजारी ठेवली,
ओटी भरून मिळाल्यासारखी.

बिलाचे त्यानं तीन भाग केले, फोनवर, पैशापर्यंत.
चौथ्या दिवशी त्याच्या आईचा निरोप :
पत्रिका जुळत नाही.
अठ्ठावीस गुण जुळले होते ना,
मावशी विचारत राहिली, ते कुठं सांडले.

आता मी गुरुवारी जाते,
लसीकरणाची फेरी आटपून,
गमबूट खाली टायरवाल्या शकीलभाईंकडं ठेवून.
भरतेश विचारत नाही.
कडक आणतो, चार टिश्यू, लिंबाच्या दोन फोडी.
एकदा बोलता बोलता म्हणाला,
मॅडम, इथला कडक टाको धड खाणारं
मी अजून कुणी बघितलं नाही. मालक पण नाही.

कधी खिडकीपाशी तसंच टेबल बसलेलं असतं,
दोघं ताठ, दोघांमध्ये एखादी मावशी.
मी त्या मुलीच्या हातांकडं बघत राहते.
फोडू दे बाई, मनात म्हणते,
आणि का म्हणते ते
मलाही नीट सांगता येत नाही.

बी रुजली. आधी तेलाच्या डब्यात,
मग कूपनलिकेच्या कडेला.
आता माझ्या कमरेला लागते,
पानं मोठी, फळाचा पत्ता नाही.
मावशी फोन करते तेव्हा
स्थळाबिळाचं काढत नाही.
विचारते, तू डॉक्टर ना,
मग सांग, हे लोण्याचं झाड
कितव्या वर्षी फळाला येतं?
मी गुरांची डॉक्टर, मावशी, म्हणते.
तर म्हणते, तेच की. लोणीच ना शेवटी.