काळी पिशवी नको

आसरा चौकापुढच्या त्या मोठ्या दुकानात
फिनाईल आणि फरसाण यांच्या मधल्या फळीवर
आता वाइन ठेवतात.
नियम सैल झाला त्या दिवशी ऑफिसातले निंबर्गी म्हणाले, बुडालं सोलापूर,
आणि डबा खाता खाता, हळूच, भाव काय आहे म्हणे?

मी गेले होते ज्वारीचं पीठ आणायला.
पीठ घेतलं. कोथिंबीर घेतली.
मग उगीच त्या फळीपुढं उभी राहिले,
एक बाटली उचलून
मागचं बारीक वाचत:
चव – जांभूळ, ओली माती, किंचित ओक.

जांभूळ कळलं. माती कळली.
ओक वाचून मी एकटीच हसले.
ते लाकूड असतं म्हणे, परदेशातलं, पिंपाचं.
आमच्या घरी ओक शनिवारी रात्री असायची,
पगाराच्या,
आणि तिच्यावर टाकायला आई चुलीतली राख
संध्याकाळीच वेगळी काढून ठेवायची.

साखर पेठेच्या मागं, पत्र्याचं दार, आंबूस वारा.
मी आठ वर्षांची. आत मुलींनी जायचं नाही,
म्हणून दारातल्या चपला बघायच्या.
नानाच्या डाव्या चपलेच्या अंगठ्याला सुतळी.
ती दिसली की ओरडायचं.
आतून कोणीतरी म्हणायचं, मल्लय्या, पोरगी आलीय रे, ऊठ,
आणि नाना, मागाच्या खडखडाटात बहिरा झालेला माणूस,
त्याला ते ऐकू यायला अर्धा तास लागायचा.

इथं एसी आहे. चपला घालूनच आत जायचं.
रांगेत माझ्यामागं होटगीकर सर,
त्यांच्या टोपलीत तूरडाळ, आणि तूरडाळीखालून डोकावणारे
बिअरचे चार कॅन.
पाहुणे आलेत, सर म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं.
मी म्हटलं, माझ्याकडं कोणी आलेलं नाही.

गल्ल्यावरची सायमा, माझ्या धाकटीच्या वयाची,
बाटली साबणासारखी सरकवते. मशीन अडतं.
मावशी, वय विचारतंय हे. एकवीस पूर्ण?
चोपन्न, म्हटलं, लिही.
मग तिचा हात सवयीनं खाली गेला,
जुना पेपर, काळी पिशवी.
नको गं.
कापडी पिशवीत पीठ, पिठावर कोथिंबीर,
कोथिंबिरीतून बाटलीची मान बाहेर.
रिक्षावाला आरशातून पार अशोक चौकापर्यंत बघत होता.

आईनं किंमत विचारली. तीनशे चाळीस.
चाळीस वर्षं विड्या वळलेली बोटं
पदराच्या काठावर जरा फिरली.
दीड हजार विड्या, ती म्हणाली. दीड दिवस.
मग तेलुगूत, एंदुके? कशाला गं?
मला उत्तर आलं नाही.

बुचाचा स्क्रू आमच्या घरात कुठून असणार.
आईच उठली. ट्रंकेतून नानाचा आकडा काढला,
फणीतून धागा ओढायचा, पितळी मुठीचा,
आणि बूच उकरत बसली, मान खाली घालून,
तुटलेला धागा शोधावा तशी.
चुरा आत पडला. चहाच्या गाळणीनं गाळून
दोन स्टीलच्या पेल्यांत.

तिनं एक घोट घेतला. तोंडात फिरवला.
आंबट, म्हणाली. शिंदीची सर नाही.

मी पेला खाली ठेवला.
तुला गं काय माहीत शिंदीची चव?

गल्लीत कुणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती.
आईनं पदरानं ओठ टिपले,
गाळणीतला चुरा बोटानं एका बाजूला केला
आणि पेला पुढं धरला.